हरजी नाईक तांड्यातील रडण्याबाबत

दिनांक : २९ एप्रिल २०२१

जबाब देणार : जिवनबाई थावरा राठोड, वय ५४ वर्षे (आधारकार्डावर ४९ आहे, तो कार्ड काढणाऱ्याचा मोठेपणा), धंदा शेती, राहणार हरजी नाईक तांडा, ता. सेनगाव, जि. हिंगोली.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी नवरा थावरा, मुलगा योगेश व सून शितल यांच्यासह राहते. आमची घरची शेती आहे व सध्या हळद शिजवण्याचं काम चालू आहे. माझा दीर जगन शेजारीच राहतो. त्याची जीप गोरेगाव ते हिंगोली चालायची, सध्या लॉकडाउनमुळे फक्त पेशंट नेते. मला ठाण्याच्या बाहेर बाकड्यावर बसवलं आहे व जमादार साहेब दारातून विचारत आहेत. मला नीट ऐकू येत आहे, ओरडायची गरज नाही.

पळसवाडी येथील पिठाच्या गिरणीचे मालक संतराम भिसे यांनी ठाण्यात दिलेला अर्ज मला वाचून दाखवला. त्यात असं लिहिलं आहे की, आमच्या तांड्यात कोरोनाने माणसं मरत आहेत, आम्ही लोक मयत लपवून डोंगरात पुरत आहोत, आणि रोज दिवेलागणीला तांड्यातून बाईमाणसाचं मोठ्याने रडणं पळसवाडीपर्यंत ऐकू येतं, हा त्याचा पुरावा. यातलं रडणं खरं आहे. रडणारी मीच. बाकी सगळं खोटं आहे. आमच्या तांड्यात कोणीही मेलेलं नाही.

अर्ज देण्याच्या आधीच पळसवाडीच्या लोकांनी रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकून आमची गोरेगावची वाट बंद केली. गिरणी आमच्यासाठी बंद, किराणाही बंद. साहेबांचं म्हणणं असं की, ‘यापुढे रडणार नाही’ एवढं मी लिहून द्यावं, म्हणजे गावाची भीती जाईल आणि हा वाद कायमचा मिटेल. ते मी लिहून देणार नाही. का देणार नाही, ते सांगते.

आमच्या बंजारा समाजात दोन बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून हेल काढून रडतात. आधी रडणं, मग पाणी, मग चहा. त्या रडण्याला चाल असते आणि त्यात सगळं सांगायचं असतं. कोण बाळंत झाली, कोणाचा बैल गेला, सासू कशी वागते, पाऊस कसा आहे. एक रडते तेव्हा दुसरी तिच्या पाठीवर हात ठेवून ऐकते. मग दुसरीची पाळी. बाहेरच्या माणसाला वाटतं घरात मयत झालं. आमच्यात त्याला भेटणं म्हणतात. माझ्या आईने मला हे शिकवलं आणि मी तांड्यात सगळ्यात चांगली रडते, हे माझ्या सासूनेही मान्य केलं होतं. ती सहसा काही मान्य करत नसे.

याला दोन नियम आहेत. रडताना खोटं बोलायचं नाही. आणि रडताना सांगितलेलं, जिचं आहे तिने सांग म्हटल्याशिवाय, तिसऱ्या माणसापाशी न्यायचं नाही. मग नवरा समोर बसलेला असो की सासरा, त्याने मध्ये तोंड घालायचं नाही, उठून जायचं नाही आणि मागाहून जाब विचारायचा नाही.

कोरोना आल्यापासून येणंजाणं बंद झालं. माझी धाकटी बहीण शिला कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावर दिलेली आहे. चुलत बहिणी, नणंदा नरसीकडे आणि सेनगावकडे आहेत. फोन रोज व्हायचे. कशी आहेस विचारलं की सगळ्या एकच सांगायच्या, ‘बराबर हाय.’ ज्या घरात विचारावं तिथे साधी सर्दी. एवढी साधी सर्दी मी जन्मात पाहिली नव्हती. खरी गोष्ट अशी होती की सगळ्यांच्या मनात भीती बसली होती. दवाखान्यात नेलं की माणूस पिशवीत बांधून येतं, आत किडनी काढून घेतात, लसीची सुई घेतली की दोन वर्षांत मरण, असं ज्याच्या त्याच्या मोबाइलवर येत होतं. त्यामुळे ताप आलेलं माणूस घरातच लपवत होते. भोंगा लावलेला ऑटो गावोगाव फिरला, लपवू नका म्हणून. भोंग्याला कोण खरं सांगतं?

माझ्या मनात आलं की फोनवर माणूस खोटं बोलतं, पण रडताना आमची बाई खोटं बोलणार नाही. मी शितलला म्हटलं, ‘चार-पाच जणींचे फोन एकाच जागी जोडता येतात काय?’ ती म्हणाली, ‘येतात, पन काहून?’ मी म्हटलं, ‘मला रडायचंय.’ माझे मालक थावरा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, ‘आजवर घरातल्या घरात रडून राहिली होती, आता मोबाइलवर रडनार.’ त्यांच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

फोनला गळा नसतो, म्हणून मी छपराचा खांब धरला. पहिल्या दिवशी शिला हसायलाच लागली. नरसीची नणंद म्हणाली, ‘आवं वहिनी, लोक काय म्हनतील?’ मी चाल सोडली नाही. मी आधी माझं सांगितलं. जगनला कोरोना झाला होता ते सांगितलं. तेही आम्ही लपवलं होतं. जगनने मला सांग म्हटलं होतं, म्हणून सांगितलं. त्याला हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, नाकाला हवा लावली, रोज अंडं दिलं, आणि तो दोन पायांवर चालत घरी आला, किडनी त्याच्याजवळच आहे, असं सगळं मी चालीत घातलं. मग पलीकडचं हसणं थांबलं आणि शिला रडायला लागली.

शिला जे बोलली ते तिचे सासरे रतनसिंग यांनी ‘ठान्यात सांगा’ म्हणून स्वतः परवानगी दिली आहे, म्हणून इथे सांगते. रतनसिंग यांना ताप होता व दम लागत होता. घरच्यांनी त्यांना आतल्या खोलीत ठेवून, ते शेतातल्या आखाड्यावरच्या खोपीत राहायला गेलेत असं तांड्यात सांगितलं होतं. शिलाला रोज विचारणारी मी, आणि मलाच ती रोज ‘बराबर हाय’ म्हणत होती. शिलाच्या फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे रतनसिंग आतून सगळं ऐकत होते. बाई रडत असताना मध्ये बोलता येत नाही, म्हणून गप्प राहिले. माझी पाळी आली तेव्हा मी त्यांचं नाव घेऊन रडले. जगनची जीप कधी निघते, आशाताईकडे बोटाला लावायचं यंत्र आहे, आकडा खाली आला तर वाट बघायची नाही, सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना हिंगोलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस घरी ठेवलं असतं तर आणायचं काम राहिलं नसतं. आता ते घरी आहेत. त्यांनी मला फोन केला. म्हणाले, ‘जिवनबाई, पोरानं सांगितलं, भोंग्यानं सांगितलं, मी ऐकलं न्हाई. रडनाऱ्या बाईपुढून उठता येत न्हाई, म्हनून वाचलो.’

त्यानंतर रोज संध्याकाळी फोन जोडायला लागलो. दिवसा बाया हळदीच्या कामावर असतात. आणखी तांड्यांवरच्या बायका फोनवर आल्या. कोणाच्या घरात ताप आहे, कोणत्या दवाखान्यात खाट आहे, कोणाच्या घरी दळण नाही, सगळं त्यात कळतं. किती माणसं वेळेवर दवाखान्यात गेली याचा हिशोब मी ठेवलेला नाही, पण ज्या घरांतून गेली ती घरं मला माहीत आहेत. मला याचा अभिमान आहे. साहेबांनी हे वाक्य घालायचं का असं विचारलं. घाला म्हटलं.

रेंज फक्त आमच्या अंगणाच्या पळसवाडीकडच्या कोपऱ्यात येते. मी तिथे उभी राहते, वारा तिकडचाच असतो आणि माझा आवाज मोठा आहे. त्यामुळे पळसवाडीला ऐकू गेलं. आमच्या रीतीची त्यांना माहिती नाही, ते घाबरले, यात मला नवल वाटत नाही. पण विचारायला एक माणूस आला असता तर बरं झालं असतं. काट्या टाकायला बरेच आले होते.

काल साहेब खात्री करायला तांड्यावर आले. घराघरांतली माणसं अंतर ठेवून उभी केली आणि रेशनकार्डाप्रमाणे मोजली. मयत शोधायला आले होते, एक माणूस जास्त भरलं. पुन्हा मोजलं, तरी जास्तच. ती आमच्या तांड्यातल्या कुलदीपची आठ दिवसांची मुलगी. तिचं नाव अजून कार्डात घातलेलं नाही. ती त्या वेळी मोठ्याने रडत होती, त्याबद्दल साहेबांनी काही लिहून मागितलं नाही.

काल संध्याकाळी अर्जदाराच्या पत्नी जनकाबाई एकट्या काट्यांच्या पलीकडे येऊन उभ्या राहिल्या. त्या गिरणीत दळण टाकतात, आमची जुनी ओळख आहे. त्या म्हणाल्या, ‘जिवनबाई, तुमच्यासारखं मला येत न्हाई. पन मला रडू द्या.’ मी म्हटलं, ‘चाल न्हाई आली तं न्हाई. पदर तोंडावर घ्या अन् रडा. मी हाय इथं.’ त्या रडल्या. चाल अजिबात जमली नाही. पाठीवर हात ठेवता येत नव्हता, म्हणून मी अलीकडे जमिनीवर हात टेकून ऐकलं. मग माझी पाळी आली, तेव्हा जे रतनसिंग यांच्यासाठी रडले होते तेच पुन्हा रडले.

जनकाबाई काय बोलल्या हे साहेबांनी मला तीनदा विचारलं. ते मी सांगणार नाही. त्यांनी सांग म्हटलेलं नाही.

आज उजाडायच्या सुमारास जनकाबाईंनी स्वतः त्या काट्या ओढून बाजूला केल्या. पळसवाडीचे लोक बघत उभे होते, कोणी अडवलं नाही. मी काट्यांना हात लावलेला नाही. त्या वाटेने जगनची जीप पळसवाडीत गेली व एक पेशंट घेऊन हिंगोलीला गेली. जीपमध्ये कोण होतं ते मला विचारू नये, जगनलाही विचारू नये. अर्जदाराला आज बोलावलं असताना ते ठाण्यात का आले नाहीत, हेही मला विचारू नये. दुपारी जगनचा फोन आला की, हवा लावली आहे, बोलून राहिले, आणि चहा मागितला. एवढं ऐकल्यावर मी जबाब द्यायला निघाले.

सबब, यापुढे रडणार नाही असं मी लिहून देत नाही. कोणाला भीती वाटत असेल तर मी पळसवाडीत येऊन आमची रीत समजावून सांगायला तयार आहे. अर्जदाराविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. त्यांच्या अर्जाचा राग मला आला होता, तो काल संध्याकाळी गेला. गिरणी सुरू झाली की ज्वारी घेऊन जाणार आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला व सून शितल हिने आमच्या बोलीत पुन्हा ऐकवला. मी सांगितलं ते जसंच्या तसं उतरलं आहे. मी जे सांगितलं नाही ते यात कुठेही लिहिलेलं नाही, हे दोनदा वाचून घेऊन मगच मी खाली सही केली आहे.

(सही)
जिवनबाई थावरा राठोड