आण्णांचा घास

तव्यावर पापलेट टाकल्याचा तो चर्र आवाज मला अजून ऐकू येतो. थोरल्या भावाला, आण्णांना, मी माकणीहून मुद्दाम मुंबई दाखवायला नेलं होतं. त्यांचा एकुलता पोरगा तेरणेच्या पुरात वाहून गेला, तो सापडलाच नाही. तेव्हापासून आण्णांनी मासा सोडला होता, आणि पूर्वी तर त्यांना माशाशिवाय जेवण गोड लागत नसे.

खाणावळीत मी म्हणालो, "आण्णा, खावा. ह्यो समुद्रातला हाय, आपल्या तेरणेतला न्हाय."

माझ्यासाठी त्यांनी घास उचलला. मग थांबून विचारलं, "तेरणा शेवटी कुठं जाती रं?"

मी पटकन बोलून गेलो, "समुद्रालाच की."

आण्णांनी घास अलगद ताटात ठेवला, हात धुतला आणि ते बाहेर चालू लागले.