मथुराबाईंचे आभार

...अन् वरून सूत्रसंचालक काय म्हने, "दोनच मिनिटं, ताई!" आता तुमाले सांगते, मी अकोल्याहून सकाळच्या यष्टीनं अमरावतीले आली काहून? मथुराबाईंवर बोलाले! माईत हाय का कोन मथुराबाई? नाही ना? मंग! अचलपूरची बाई. शंभर वर्सांआधी लेख लिवून विचारलं तिनं, की मानसायनं ढेकर देल्यावरच बाईनं काहून जेवावं, अन् तिच्या ताटात उरलेलंच काहून? लेखाचं नावच 'उरलेलं'! नातेवाइकायनं बोलनं टाकलं, पन बाई हटली नाही.

तं राजापेठेतल्या हॉलात तिचा कार्यक्रम, अन् स्टेजवर पाहा तं सारे मानसंच, बाई एक नाही! खाली पयल्या लायनीत पार्वताबाई, मथुराबाईची सख्खी नात. म्हातारीले वाचता येत नाही. आजीनं काय लिवलं हे जन्मात कोनी ऐकवलं नाही तिले! मी शब्द देऊन तिवसा गावाहून बोलावलं, "आज भर सभेत वाचते, या." अन् तिची शेवटची यष्टी संध्याकाळची!

पयले साहेब सोताच्या कॉलेजवर बोलले. दुसरे कापसाच्या भावावर. तिसऱ्यायनं सोताची कविता म्हटली... थेही चालीत! मी अर्धी उठली, का सूत्रसंचालक देवानंदभाऊ हजर, "दोनच मिनिटं ताई, साहेबायचं होऊ द्या." पार्वताबाई मागं वळून इचारे, "कवा वं?" घड्याळाकडं पाहू का तिच्याकडं पाहू?

अन् शेवटी भाऊ काय बोलले माईकवर? "वेळेअभावी ताईंचं भाषन पुढच्या वर्षी! ताई आता फक्त आभार मानतील!"

झालं! पार्वताबाईनं पिशवी उचलली. खाली वाकून चपला शोधाले लागली हो थे... थेच लागलं मले.

तेवढ्यात मागून आलुबोंड्यायचा वास आला. अन् डोक्यात लख्ख! आभार झाल्याबिगर नाश्ता सुटत नाही, अन् नाश्त्याबिगर अमरावतीचा मानूस हालत नाही! अन् आभाराले कोनी मधात थांबवते का? सांगा!

म्हटलं, "सर्वप्रथम आभार मथुराबाईंचे, ज्यांनी लिवलं की..." अन् धरला अख्खा लेख! भाऊ चिठ्ठी देते, घड्याळ दाखवते, "दोनच मिनिटं, ताई!" मी म्हटलं, "देवानंदभाऊंचेही आभार, त्यांनी वेळ देला!" अन् पलटलं पान! पार्वताबाई पिशवी खाली ठेवून वरडली, "यष्टी जाऊ दे वं, तू वाच!" शेवटच्या ओळीले तं उभीच राह्यली, "माही आजी हाय थे!" माह्या डोळ्यात पानी आलं, खोटं काहून बोलू?

मंग सारे नाश्त्यावर तुटून पडले. आमी दोघी पोचलो तं ताटात उरलं काय? तळलेल्या दोन मिरच्या! यष्टी गेली, आलुबोंडे गेले... अन् भाऊ तोंडात घास ठेवून म्हनते, "वा ताई! काय आभार मानले! पुढच्या वर्षी भाषन पक्कं तुमचं!"

मी हातच जोडले. म्हटलं, भाषन नको बाप्पा... मले आभारच द्या!