बबनने भरलेलं खोकं

भीती काय असते ते मला विचारा. घाटाखाली खालापूरकडे हायवेचा कठडा दुरुस्त करतात ना, तिथे कामगारांच्या मागे माझा ट्रक उभा असतो. मागून कुणी आलंच, तर त्यांना नाही, मला धडकावं म्हणून. ट्रकच्या पाठीला अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीचं खोकं, आतून मधाच्या पोळ्यासारखं पोकळ.

आमचा गवंडी, दहिवलीचा बबन म्हणाला, "असल्या पोकळ खोक्याच्या जिवावर बसतोस काय रं? उद्या तुजी बायको मला विचारंल." आणि त्याने परस्पर सिमेंट कालवून त्यात ओतलं. मग मीही निर्धास्त बसायला लागलो.

तपासणीला आलेल्या मॅडमनी खोक्यावर टकटक केलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "आधी खाली उतरा," म्हणाल्या. "अहो, ही जाळी चुरगळते म्हणून धक्का ती खाते. ती चुरगळली नाही तर सगळा धक्का तुमच्या मानेत."

नवं पोकळ खोकं बसवलं, पण माझी नजर आरशातून हटेना. आणि एका दुपारी आरशात टेंपो आला, ब्रेक गेलेला, हॉर्न दाबत. मी डोकं सीटला टेकवून डोळे मिटले.

धडक बसली, आणि मी मान चाचपतच खाली उतरलो. टेंपोवाला रस्त्यात बसून रडत होता, पण धड होता. खोकं पार चपटं झालेलं. बबन त्यावर हात फिरवत उभा राहिला.

"माजं असतं तर ओरखडाबी नसता आला," तो पुटपुटला.

मी म्हटलं, "खोक्याला नसता आला रं."