पिंपळखुट्याचा फिजीवाला भाचा

मी केवळाबाई भ्र. सटवाजी गडदे, वय ५८ वर्षे, व्यवसाय मेंढीपालन, रा. खडकवाडी, ता. मानवत, जि. परभणी.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, जमादार दत्तराव साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पतीसह राहते. आम्हास मूलबाळ नाही, म्हणजे नव्हते. माझे माहेर पिंपळखुटा असून माझा धाकटा भाऊ सूर्यभान हा तिथल्या कबड्डी संघाचा वस्ताद आहे.

सिरेली हा फिजी देशाचा असून परभणीत शेतीचे शिक्षण घेतो. मेंढ्यांच्या रोगांचा अभ्यास करायला तो आमच्या गावी आला व गावातच राहिला. त्याच्या देशात तो रग्बी खेळायचा. लांबट चेंडू काखेत मारून पळायचं आणि आडवा येईल त्याला लोळवायचं, असा तो खेळ आहे. हे ऐकून आमच्या गावच्या कबड्डी संघाचा कप्तान हरिओम लय खूश झाला.

मानवतच्या कबड्डी स्पर्धेत गावाबाहेरचा खेळाडू एकच चालतो. ती जागा सेलूहून आणलेल्या गड्याला अगोदरच दिली होती. म्हणून हरिओमने तोड काढली की, केवळाकाकूनं पोराला मांडीवर घ्यावं, म्हणजे तो गावचाच झाला. आमच्यात दत्तक असाच घेतात. मला मारुतीच्या पारावर पाटावर बसवलं आणि सगळ्या गावादेखत सिरेलीला माझ्या मांडीवर. गडी क्विंटलभराचा. मी त्याच्या तोंडात साखर घातली. तेव्हापासून तो मला माय म्हणतो व माझ्याकडेच जेवतो. स्पर्धेच्या कमिटीनं ते मान्य करून त्याला गावच्या खेळाडूंत धरलं.

अंतिम सामना नेमका पिंपळखुट्याशी पडला. माझं माहेर तेच, हे हरिओमच्या डोक्यात आलंच नव्हतं. मेल्यानं अक्कल गहाण ठेवली होती. सिरेली पहिल्या चढाईला गेला तशी माझी माहेरची चुलती कडूबाई उठून त्यांच्या खेळाडूंना म्हणाली, "केवळाचा लेक हाय त्यो, तुमचा भाचा. हात लावू नका."

मामानं भाच्याला मारलं तर मामाचा हात जन्मभर थरथरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. समोरचे सातही जण माझ्या भावकीतले. सातही हात मागे बांधून उभे राहिले. सिरेली गोंधळला. त्याने एकेकाला हळूच शिवलं व परत आला. मधे एकाने वाकून त्याचे पाय धरले होते. आमच्यात मामा भाच्याच्या पाया पडतो, त्यामुळे ती पकड होती का नमस्कार, हे पंचांना ठरवता आलं नाही.

सातही बाद झाल्यावर सूर्यभानचं टाळकं सरकलं. त्याचं नाव राखीव खेळाडूंत होतं. तो स्वतः मैदानात उतरला व असले भाचे लय बघितले म्हणत त्याने सिरेलीला कमरेला धरून आपटलं. सिरेली हसत उठला, त्याला फिजीतल्या खेळाची आठवण आली म्हणे. पण त्या एका चढाईतले गुण पुरले व सामना आम्हीच जिंकलो. मग दोन्ही गावांत खुर्च्यांची फेकाफेक झाली. मी एकच फेकली, ती प्लास्टिकची होती.

त्या संध्याकाळपासून सूर्यभानचा उजवा हात थरथरतो. चहा तोंडात कमी आणि सदऱ्यावर जास्त. खोटा भाचा उभा करून फसवलं, अशी त्याने तक्रार दिली आहे. तक्रार राहिली तर सिरेलीला त्याच्या देशात परत धाडतील, असं जमादार साहेब म्हणतात. हरिओमचं म्हणणं असं की, मांडीवर घेणं निव्वळ खेळापुरतं होतं एवढं मी सांगावं. गाव कप परत देईल, सूर्यभान तक्रार मागे घेईल, त्याचा हातही थांबेल. सगळ्यांचं भलं होतंय, एक मी सोडून.

एवढा बाप्या माणूस कायद्यानं दत्तक घेता येत नाही, असंही साहेबांनी मला समजावलं. त्यावर माझं सांगणं असं की, माझ्या मांडीवर बसताना त्या पोरानं सगळा भार स्वतःच्या पायांवर तोलून धरला होता, मला लागू नये म्हणून. त्याचे पाय लटलट कापत होते. गाव हसत होतं, त्यामुळे ते कुणाला दिसलं नाही. मला कळलं. खेळापुरतं कुणी असं करत नाही.

मग सूर्यभानने ठाण्यातच सगळ्यांसमोर विचारलं, "अक्का, खरं सांग. माझा भाचा हाय का न्हाई?"

मी म्हणाले, "हाय."

तो म्हणाला, "काय करून बसलो गं मी." त्याने साहेबांकडे तक्रार परत मागितली आणि भाच्याला मान म्हणून द्यायला एवढ्या मोठ्या डोक्याची टोपी परभणीत मिळेल का, याची चौकशी केली. मला रडू आलं. माझ्या दारात कुणी मामा म्हणून येईल, हे मी कधी धरलंच नव्हतं. कपाचं काय करायचं ते कमिटीनं बघावं.

हा जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात सिरेलीला 'मानलेला मुलगा' असं लिहिलं होतं. त्यातला पहिला शब्द मी खोडायला लावला. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.