व्याख्यानाला आलेले एकतीस डॉक्टर

…आणि वर हे मलाच विचारतात, "सिंधू, कोर्टात खरंच बोलशील ना?" अहो, खरं बोलूनच तर ही पाळी आलीये आपल्यावर! दोन वर्षं झाली ह्या दाव्याला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायला जागा नाही, सगळ्या कोर्टाच्या तारखा, आणि आता म्हणे साक्षीला मी. मी! मी काय केलंय? मी फक्त खुर्ची भरली होती हो. रिकामी होती, बसले. एवढंच.

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही आमच्या मंडळातल्यांसारखं अर्धवट ऐकून गावभर कराल. आमचे हे, दिगंबर, गुडघे विकायचे. हसू नका. गुडघा झिजला की ऑपरेशन करून आत जो धातूचा बसवतात ना, तो. साताऱ्याहून म्हैसूरला आलो त्याला सोळा वर्षं झाली, ती ह्याच नोकरीसाठी. आता गुडघा काही पेशंट दुकानात जाऊन निवडत नाही, हा दाखवा, तो नको, वरच्या फळीवरचा काढा… डॉक्टर सांगेल तो! म्हणजे गिऱ्हाईक कोण? डॉक्टर. मग डॉक्टरला खूश ठेवायला नको? पण सरळ पाकीट द्यावं तर नियमात बसत नाही. मग कंपनीनं काय शोधून काढलं? व्याख्यान! जो डॉक्टर आमचे गुडघे जास्त बसवील, त्याचं व्याख्यान जास्त वेळा, आणि दर व्याख्यानाला मानधन… मानधन किती ते विचारू नका, साक्षात सरस्वती वीणा खाली ठेवून गुडघ्यावर बोलायला उभी राहील!

पण व्याख्यान म्हटलं की ऐकणारे नकोत? इतर डॉक्टर आले, त्यांनी ऐकलं, शिकून गेले, असं कागदावर दिसायला हवं. आता तुम्हीच सांगा, रविवारी सकाळी गावाबाहेर, कडकोळच्या पलीकडं त्या रिसॉर्टात जाऊन दुसऱ्या डॉक्टरचं कौतुक कुठला डॉक्टर ऐकेल? एक फिरकला नाही. आणि ह्यांचे साहेब, रक्षित, वयानं ह्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बेंगळुरूहून फोनवर… "दिगंबर सर, खुर्च्या एम्टी नको हां, फोटो वर जातो." बरं, फोटो वर जातो म्हणजे कुठं जातो, देवाकडं? पण आमचे हे घाबरले. घाबरले आणि त्यांना सुचलं. काय सुचलं असेल? आमचं मराठी मंडळ!

अहो, मराठी माणूस! व्याख्यान आहे आणि मागून जेवण आहे म्हटल्यावर विषय कोण विचारतो? दोन मिनीबस भरल्या. एकतीस माणसं, बायका शालू नेसून. मलाही म्हणाले, "सिंधू, एक खुर्ची रिकामी राहतेय, चल." गेले. आणि बसमध्ये ह्यांनी माइक घेतला, तुम्हाला सांगते, मी तेव्हाच तो हिसकावून घ्यायला हवा होता, आणि म्हणाले, "मंडळी, सही करताना नावाच्या आधी 'डॉ.' लिहा, कंपनीची पद्धत आहे." कुणी विचारलं का, का म्हणून? कुणी नाही! कमलिनीताई, आमच्या मंडळाच्या कार्यवाह, त्या तेवढ्या म्हणाल्या, "मी संगीत विशारद आहे, मी लिहिलं तर चालेलच." सगळ्यांनी लिहिलं. मीही लिहिलं. पेन हातात आल्यावर माणूस लिहितोच हो.

मग आत थंडगार हॉल, ते मोठे डॉक्टर पडद्यावर हाडांची चित्रं दाखवत इंग्रजीत बोलतायत, आणि मी तिसऱ्या रांगेत बसल्या बसल्या झोपले. सरळ झोपले. फोटोत दिसतेय, तोंड उघडं! बाहेर बिसीबेळे भाताचा वास सुटलाय, नंतर होळिगे, म्हणजे इकडची पुरणपोळी, तुपाची वाटी वेगळी… ते जाऊ दे. अशी चार व्याख्यानं झाली. चारही वेळा मी फक्त खुर्ची भरली.

तर हे असंच चालायचं. पण मध्ये एक तुळसी आली. सोसले गावची, शाळेत स्वयंपाक करते, त्रेचाळीस वर्षांची. ऑपरेशनच्या वेळी कंपनीचा माणूस सामान घेऊन थिएटरमध्ये हजर असतो, म्हणून हे आत उभे. त्याच मोठ्या डॉक्टरांनी तिचे दोन्ही गुडघे बदलले. हे घरी आले, जेवले नाहीत, हातपाय न धुता तसेच बसून राहिले. मी म्हटलं, अहो काय झालं? तर म्हणाले, "सिंधू, तिचा गुडघा मी पाहिला. माझ्यापेक्षा बरा होता गं." तुम्हाला सांगते, त्या दिवशी मला ह्यांची फार कीव आली. आणि भीती वाटली. कारण हा माणूस एकदा गप्प बसला ना, की काहीतरी करतो.

आणि केलंच! काय झालं, कंपनी दरवर्षी कॉम्प्युटरवर एक परीक्षा घेते. सचोटीची! सगळे काय करतात? पुढे, पुढे, पुढे असं दाबतात, चहा पितात, सर्टिफिकेट छापतात, मोकळे. आमच्या ह्यांनी वाचलं! बत्तीस पानं! हातात पेन्सिल घेऊन! त्यात शेवटी लिहिलेलं, गैरप्रकार दिसल्यास निर्भयपणे कळवा, तुमचं नाव गुप्त राहील. आता असं लिहायचं असतं म्हणून लिहितात हो! गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर 'आपले नम्र' लिहितात, म्हणून ती पोरं नम्र असतात का? पण ह्यांनी कळवलं. तारखा, फोटो, सह्यांचे कागद, सगळं जोडून. ती तक्रार गेली मुंबईला, मुंबईहून आली बेंगळुरूला, आणि चौकशीला दिली कुणाकडं? रक्षितकडं! त्यानं ह्यांनाच फोन केला, "दिगंबर सर, म्हैसूरहून कुणीतरी कंप्लेंट केलीये, कोण असेल, तुम्हाला काही आयडिया?" आणि आमचे हे, तुम्हाला सांगते, पाणी पिता पिता भांडं खाली ठेवून म्हणाले, "मी."

पंधरा दिवसांत नोकरीवरून काढलं. कारण काय दिलं? 'खोटे डॉक्टर आणून कंपनीची फसवणूक केली.' घ्या! मग ह्यांनी दावा ठोकला. कंपनी म्हणते, व्याख्यानं खरी, लबाडी एकट्या ह्यांची. म्हणणं एवढंच, की ती व्याख्यानं म्हणजे डॉक्टरांना लाच द्यायचा बहाणा होता आणि हे बोललो म्हणून मला काढलं. आमचे वकील गंगाधरराव म्हणाले, "सोपं आहे वहिनी. ऐकायला बसलेले डॉक्टर नव्हते आणि कुणाला ओ का ठो कळलं नाही, एवढं तिघांनी कोर्टात सांगितलं की आपण जिंकलो. नाहीतर गेली नोकरी, गेलं नाव." तिघं कोण? मंडळाचे पांडुरंगराव, कमलिनीताई आणि मी. आठवडाभर त्यांनी तयारी करून घेतली. म्हणा, 'मला काही कळलं नाही, मी जेवायला गेलो होतो.' पाठच करून घेतलं.

झालं, परवा तारीख होती. पांडुरंगराव पहिले. ब्याऐंशी वर्षांचे, त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात, मराठी बोलता बोलता कधी कन्नडात जातील त्यांचं त्यांना कळत नाही. कंपनीच्या वकील विद्याश्री, एवढीशी मुलगी, आवाज साखरेचा… "अज्जा, तुम्ही तिथं जेवायला गेला होतात, होय ना?" संपलं! पांडुरंगराव ताठ झाले. "जेवायला? आमच्या घराण्यातला माणूस ऊटासाठी, एका जेवणासाठी, दुसऱ्याच्या दारात जातो होय? मी व्याख्यान ऐकायला गेलो होतो! तुंबा चन्नागित्तु, स्वामी!" फारच छान होतं म्हणे! आणि खिशातनं वही काढली. वही! गंगाधररावांनी कपाळाला हात लावला. पांडुरंगरावांनी चारही व्याख्यानांची टिपणं काढलेली, तारीखवार, आणि जजसाहेबांना वाचून दाखवली… पन्नाशीच्या आत ऑपरेशन टाळावं, आधी व्यायाम, वजन कमी. वर म्हणतात, "तो व्यायाम सहा महिने केला. माझा गुडघा बरा झाला, आता चामुंडी टेकडीच्या पायऱ्या चढतो." कोर्टातला टंकलेखक टाइप करायचं सोडून विचारतोय, कुठला व्यायाम? हे माझ्या शेजारी बसले होते. हळूच म्हणाले, "हेच त्यांनी तुळसीला सांगितलं असतं तर…"

मग कमलिनीताई. त्यांनी काय करावं? मंडळाचा वार्षिक अहवालच आणला! त्यात छापलेलं, 'मंडळाच्या वतीने आरोग्यविषयक चार उद्बोधक व्याख्याने संपन्न झाली, श्रोत्यांचा प्रतिसाद उदंड.' कंपनीचं व्याख्यान, कंपनीचं जेवण, आणि अहवालात मंडळाच्या वतीने! विद्याश्री म्हणाली, "म्हणजे कार्यक्रम खरा होता?" कमलिनीताई म्हणतात, "खरा म्हणजे? मी स्वतः आभार मानलेत!" आता आभार मानल्यावर कार्यक्रम खोटा होतो का कधी?

म्हणजे राहिलं कोण? मी. सगळं माझ्यावर. उभी राहिले, पाठ केलेलं वाक्य मनात एकदा म्हणून घेतलं. विद्याश्री गोड हसून, "मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात?" नाही. "मग इथं 'डॉ. सिंधू' कुणी लिहिलं?" मी. "म्हणजे तेव्हा खोटं बोललात. आज कशावरून खरं?" मी म्हटलं, अहो, मी फक्त खुर्ची भरली! "'डॉ.' लिहायला कुणी सांगितलं?" आणि इथं गंगाधरराव ताडकन उठले, हरकत आहे, नवरा-बायकोतलं बोलणं कोर्टात विचारता येत नाही! जजसाहेबांनी दाव्याचे कागद चाळले, चष्मा काढला, म्हणाले, "ते बसमध्ये माइकवरून बोलले ना?" म्हटलं, हो. "मग ते नवरा-बायकोतलं कसं? उत्तर द्या."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. तुम्हाला सांगते, बावीस वर्षांच्या संसारात इतकं कधी वाटलं नव्हतं की ह्या माणसानं आता तरी डोळ्यानं खुणावावं, 'रक्षितनं सांगायला लावलं म्हण.' रक्षित फोनवर काय काय म्हणाला, कुणाला कळणार होतं? आणि हे काय करतायत? मान हलवतायत. बोल, बोल, खरं ते बोल! परीक्षेत शंभरपैकी शंभर मिळवलेला माणूस, दुसरं काय करणार? मी म्हटलं, "ह्यांनी सांगितलं. आणि मी व्याख्यानात झोपले होते, मला काहीही कळलं नाही. जेवण मात्र चांगलं होतं." सगळं कोर्ट हसलं. मला रडू येत होतं.

बाहेर आल्यावर मी गंगाधररावांना विचारलं, आता काय? ते म्हणाले, "वहिनी, तुमच्यामुळं दावा तगला. सह्या खोट्या, डॉक्टर खोटे, म्हणजे व्याख्यानं नुसता देखावा, सिद्ध झालं." म्हटलं, अरे वा, मग आनंदच आहे! तर ते खाली बघायला लागले. "फक्त खोटं कुणी करायला लावलं तेही तुमच्याच तोंडून सिद्ध झालं. कंपनी आता दिगंबररावांवर उलटा दावा लावतेय, फसवणुकीचा." तेवढ्यात मागनं विद्याश्री आली. हातात कागद. म्हणाली, "मॅडम, ह्या नव्या दाव्यात आमच्याकडून साक्षीला तुम्हीच हव्यात. अज्जा टिपणं वाचतात, त्या दुसऱ्या बाई आभार मानतात. अख्ख्या प्रकरणात खरं बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात." म्हणजे नवऱ्याच्या विरुद्ध, कंपनीच्या बाजूनं, मी!

रडू का ओरडू कळेना. मी ह्यांच्याकडं वळून म्हटलं, अहो, ऐकताय ना? तुमच्याविरुद्ध साक्षीला बोलावतायत मला! आणि आमचे हे? त्यांनी तो कागद घेतला, नीट वाचला, दोन्ही बाजूंनी वाचला, घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला, स्कूटरला किल्ली लावली आणि म्हणाले, "जा की. कोर्टानं बोलावलंय म्हटल्यावर जायला हवं… मीच आणून सोडतो."