चौसष्ट घरांची यादी

हरिता : एकसष्टच, आजी. दोनदा मोजली. कंप्यूटर चुकत नाही.

विशालाक्षी : मग मी चुकते म्हण! तुझ्या अखिलाताईच्या लग्नाला बोलवायची घरं चौसष्ट. तीन घरं तुझ्या डब्यानं गिळली. एक जरी राहिलं ना, जन्माचा अबोला.

हरिता : गिळली नाहीत गं. तिघी आत्यांच्या याद्या जोडल्या, तर तेच घर तीन-तीनदा. म्हणून कंप्यूटरला आज्ञा देणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. ‘कट’नं हवे ते रकाने घ्यायचे, ‘सॉर्ट’नं ओळी लावायच्या, सारख्या ओळींतली एक ठेवायची.

विशालाक्षी : तिरुवैयारूत सीतारामराव किती ठेवलेस?

हरिता : एक.

विशालाक्षी : दोन आहेत. चुलतभाऊ. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव, ही आपली रीत. दोन मुलांचे दोन थोरले, नाव एकच. तुझ्या डब्याला हे कोण सांगणार?

हरिता : नाव एक, गाव एक. मग तू ओळखतेस कशी?

विशालाक्षी : घरच्या बाईवरून. एक चंद्रमतीचा, एक कमलाक्षीचा.

हरिता : अय्यो! तो रकाना होता की.

विशालाक्षी : मग गेला कुठं?

हरिता : पाकिटावर नाव-गावच लागतं, म्हणून मीच आधी कापला.

विशालाक्षी : बायकाच कापल्यास! शाबास. एवढी फी भरून हेच शिकलीस?

हरिता : थांब. मूळ याद्या शाबूत आहेत. आधी तिन्ही रकाने धरून सारख्या ओळी गाळायच्या, मग कापायचं. माझा क्रम उलटा झाला... हं, बघ, अशीच गळलेली आणखी दोन घरंही परत आली. चौसष्ट.

विशालाक्षी : बघायचं काय त्यात? मी मघाच सांगितलं.

हरिता : पण या कमलाक्षीकाकूंना मी कधी पाहिलंच नाही.

विशालाक्षी : येत नाहीत त्या. तुझ्या बाबाच्या लग्नाची पत्रिका त्यांना पोचली नाही. पोस्टात हरवली म्हणून सांगितलं होतं.

हरिता : सांगितलं होतं म्हणजे?

विशालाक्षी : मी नावं सांगत होते, तुझे आजोबा लिहीत होते. ते म्हणाले, सीतारामराव दोनदा आला. मी म्हटलं, कापा एक.

(हरिता यादीतली कमलाक्षीची ओळ पुन्हा तपासते.)

हरिता : यादी प्रेसला पाठवू का, आजी?

विशालाक्षी : पाठव. कमलाक्षीचं पाकीट तेवढं पोस्टात टाकू नकोस. कुंकू घेऊन मीच जाते.