पलीकडच्या गुळण्या

“शेजारचा रोजचा आवाज थांबला, तर हातातलं काम टाकून आधी बघून यावं,” असं सासूबाई बजावायच्या. सूनबाई ते हसण्यावारी न्यायची. आज ती बाळाला मांडीवर घेऊन दवाखान्यात बसली होती. समोरच्या बाकावर दोन म्हातारे शेजारी हुज्जत घालत होते. एकाच्या पायाला प्लास्टर होतं.

“तुझ्या त्या गुळण्यांनी माझी रोजची पहाट नासवलीय.”

“मग मी न्हाणीघरात पडलो, त्या दिवशी नव्हत्या ना गुळण्या? झोपायचंस निवांत!”

“झोप लागतेय कुठली! म्हटलं, हा भोंगा आज गप्प कसा?”

“म्हणून थेट दार फोडलंस?”

“मग काय तुला तिथेच कण्हत ठेवायचं होतं?”

“दार चांगलं सागवानी होतं रे.”

“नवं बसवू. तू आधी घरी चल आणि गुळण्या सुरू कर.”

“करतो की. उद्याची पहिली गुळणी तुझ्या नावाची!”

सूनबाईने घाईघाईने घरी सासूबाईंना फोन लावला.

“आई, वरच्या आजींची काठी आज वाजली का हो?”

“वाजली गं, मघाशीच.”

तिचा जीव भांड्यात पडला. तुमच्या शेजारचा रोजचा आवाज आज ऐकलात का? नसेल, तर जरा दार वाजवून या ना.